त्याची तोफ चालू होती

16 डिसेंबर जवळ आला की एक वाक्य फोनाफोनी फिरायला लागतं. "नाही सर, मी रणगाडा सोडणार नाही." मागे तिरंगा, खाली ज्वाळा, कोपऱ्यात एका कोवळ्या तरुणाचा कृष्णधवल फोटो. वाक्य खरं आहे. 1971 च्या युद्धात याच तारखेला, पाकिस्तानातल्या शकरगढ भागातल्या जरपालजवळ, पेटलेल्या रणगाड्यातून सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी वायरलेसवर ते उच्चारलं. पण फिरत्या मजकुरातून त्याचा पुढचा भाग बहुतेक वेळा गळालेला असतो: माझी तोफ अजून चालते आहे.

पहिला भाग एकटा वाचला तर मरणाला मिठी मारायला निघालेला मुलगा दिसतो. दोन्ही भाग जोडून वाचले तर आपलं काम शिकलेला आणि त्या क्षणीही हिशेब करणारा अधिकारी दिसतो. आपल्या समाजाला पहिला फार आवडतो. दुसऱ्याचं काय करायचं हे आपल्याला नीट कळलेलं नाही, आणि माझ्या मते त्याची किंमत युद्धातून आणि प्रशिक्षणातून जिवंत, पण मोडून परतलेली माणसं मोजत असतात.

आधी अरुणबद्दल. (21 वर्षांच्या पोराला अहोजाहो करणं मला जमत नाही.) जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950. वडील लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये अधिकारी, पुढे ब्रिगेडियर झाले. सनावरच्या लॉरेन्स शाळेत शिक्षण, 1967 मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश, मग डेहराडूनची लष्करी प्रबोधिनी. 13 जून 1971 रोजी कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं ते 17 पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये. ही रेजिमेंट मुळात 1817 मध्ये पुण्यात उभी राहिलेली. 1965 च्या युद्धात तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी परमवीर चक्र मिळवलं होतं, तेही मरणोत्तर. नव्या पोरावर त्या नावाचं दडपण काय असेल, ते फौजेतल्या घरात वाढलेल्यालाच ठाऊक.

कमिशननंतर तो अहमदनगरला चिलखती दलाच्या केंद्रात नव्या अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करत होता. युद्धाची चिन्हं दिसताच या पोरांना आपापल्या रेजिमेंटकडे परत धाडलं गेलं. अरुणने सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश बांधून घेतला. लाहोरला गोल्फ खेळायचं आणि जिंकल्यावर मेसमध्ये जेवणावळ होणार तिला हा गणवेश लागेल, असं त्याचं म्हणणं. ही आठवण सांगताना लोक हसतात, डोळे पुसतात आणि पुढे जातात. मला मात्र त्या सामानात त्या मुलाचा सगळा बेत दिसतो. त्याला जिंकायचं होतं, परत यायचं होतं, मजा करायची होती. बलिदानाला निघालेला माणूस गोल्फच्या काठ्या बरोबर घेत नाही.

आता लढाई. 15 डिसेंबरच्या रात्री 47 इन्फन्ट्री ब्रिगेडने बसंतर नदीपलीकडे पाय रोवला. मधे पाकिस्तानी सुरुंगांचा दाट पट्टा. तो साफ करणारे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनिअर, निम्म्या वाटेत असतानाच पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांच्या हालचालीची खबर आली. पूना हॉर्सने थांबायचं नाही असं ठरवलं आणि रणगाडे सुरुंगातून पुढे घातले. सुरुंग साफ करणाऱ्या 9 इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी त्याच लढाईत पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांचं नाव माहीत असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

अरुणच्या परमवीर चक्राचं मानपत्र मुळातून वाचण्यासारखं आहे, कारण ते आपल्या फ्लेक्सवरच्या मजकुरापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. तो 'ए' स्क्वॉड्रनमध्ये होता. वायरलेसवर 'बी' स्क्वॉड्रनने मदत मागितलेली त्याने ऐकली आणि आपणहून आपली तुकडी घेऊन निघाला. वाटेत शत्रूची ठाणी रणगाड्याने तुडवत, पिस्तूल रोखून माणसं पकडत गेला. त्या धावपळीत त्याच्या तुकडीतला एक रणगाडाप्रमुख मारला गेला. मागे हटणाऱ्या शत्रूमागे तो युद्धाच्या आवेशात वाहवत गेला, असं मानपत्रात चक्क लिहिलेलं आहे. लष्कर आपल्या वीराबद्दल हे लिहू शकतं. आपल्याला मात्र त्याच्या कथेत एवढाही खाचखळगा चालत नाही.

मग शत्रूने पुन्हा जमवाजमव केली आणि नेमका तोच भाग निवडला जिथे अरुण आणि आणखी दोन रणगाडे उभे होते. दहा पाकिस्तानी रणगाडे उद्ध्वस्त झाले. त्यातले चार अरुणचे. त्या दोनपैकी एका रणगाड्यावरचे लेफ्टनंट अहलावत जखमी होऊन बाजूला झाले. दुसऱ्या, कॅप्टन मल्होत्रांच्या रणगाड्याची तोफ बिघडली. अरुणच्या रणगाड्यालाही गोळा लागून तो पेटला. तो स्वतः जखमी झाला होता. बाहेर पडायचा आदेश मिळाला. इथे मानपत्राचा सूर बदलतो. शत्रू अजून आपल्याच बाजूला सरकतो आहे आणि आपण निघालो तर त्याला वाट मोकळी होईल हे त्याच्या लक्षात आलं, असं त्यात म्हटलं आहे. वाहवत गेलेला पोर आणि हिशेब करणारा अधिकारी, दोघं एकाच मानपत्रात, काही परिच्छेदांच्या अंतरावर. सहा महिन्यांपूर्वी कमिशन मिळालेला मुलगा एका सकाळीत किती मोठा झाला, ते या बदललेल्या सुरात कळतं. तीन रणगाड्यांपैकी चालू तोफ एकच उरली होती आणि ती त्याच्याकडे होती. नाही म्हणायचं कारण ते होतं.

रणगाड्यात तो एकटा नव्हता, हेही आपण विसरतो. चालक प्रयाग सिंग, तोफेवर नथू सिंग, वायरलेसवर नंद सिंग. त्याच्यासारखा सेंच्युरियन रणगाडा चार माणसांनी चालतो. कमांडर वर उभा राहून लक्ष्य दाखवतो, पण ते टिपतो तो खाली बसलेला तोफेवरचा जवान. नंद सिंग तिथेच गेले. दुसरा गोळा लागला तेव्हा अरुण गेला. त्याच दिवशी दुपारनंतर ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी, 17 डिसेंबरला, पश्चिमेकडे युद्धबंदी झाली. सांबाजवळ त्याच दिवशी त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. घरच्यांना कळलं 26 डिसेंबरला. म्हणजे युद्ध थांबल्यानंतरचे नऊ दिवस त्या घराने मुलगा येणार या हिशेबाने काढले असणार.

तीस वर्षांनी, 2001 मध्ये, 81 वर्षांचे ब्रिगेडियर खेत्रपाल आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. तिथे त्यांचं आदरातिथ्य करणारे ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी निघण्याआधी त्यांना सांगितलं की त्या दिवशी 13 लान्सर्स या पाकिस्तानी रेजिमेंटकडून तुमच्या मुलासमोर मी होतो, तो माझ्या हातून गेला. हा प्रसंग आपल्याकडे 'दिलदार शत्रू' या सदरात मोडतो. नासेर जे सांगत होते ते मात्र एका लष्करी माणसाने दुसऱ्या लष्करी माणसाला दिलेला कामाचा दाखला होता: आमचा हल्ला फसला तो त्याच्यामुळे. बापाला तो दाखला समजला असेल. तोही फौजीच होता.

हे सगळं एवढ्या तपशिलाने लिहिलं, कारण इथून पुढे मला जे म्हणायचं आहे ते अरुणच्या विरोधात आहे असं कुणाला वाटू नये.

आपली अडचण ही की आपण शौर्य मोजायला मरणाची पट्टी लावतो. आजवर 21 जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यातले 14 मरणोत्तर. सात जण ते स्वतःच्या छातीवर लावून जगले. जरपालच्याच लढाईत दुसरं परमवीर चक्र मिळालं मेजर होशियार सिंग यांना. जखमी अवस्थेत एका खंदकातून दुसऱ्या खंदकात जाऊन ते 3 ग्रेनेडिअर्सच्या जवानांना लढवत राहिले आणि जगले. त्यांचा फोटो 16 डिसेंबरला का फिरत नाही?

आपल्या अंगणातलं उदाहरण याहून बोलकं आहे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारी वाट सुरुंग, पाडलेली झाडं आणि उडवलेले पूल यांनी बंद होती. राणे जखमी होते, तरी चार दिवस ती वाट मोकळी करत राहिले. गोळीबारात पुढे जाता येईना, तेव्हा ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या चालीने सरपटत, चालकाला दोरीने खुणा करत पुढे सरकले. डोक्यावर काही टनांचं धूड, समोर सुरुंग, हातात दोर. मला विचाराल तर आपल्या लष्करी इतिहासातला यापेक्षा थंड डोक्याचा पराक्रम सांगायला कठीण आहे. राणे परमवीर चक्र स्वीकारून पुढे अनेक वर्षं नोकरीत राहिले, मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 मध्ये पुण्यात वारले. पुण्यातल्या पाचवीसहावीच्या मुलांना विचारून बघा किती जणांना ते माहीत आहेत. राणे रणगाड्याखाली चिरडले गेले असते तर आज चौकाचौकात असते, असा कडवट विचार मनात येतो.

ही केवळ स्मारकांची गोष्ट असती तर मी लेख लिहिला नसता. पण मनात जी पट्टी असते तीच हळूहळू फायलीत उतरते. अरुण गेल्यावर 41 व्या दिवशी, 26 जानेवारी 1972 ला, त्याच्या आईच्या हाती परमवीर चक्र आलं. हे योग्यच झालं. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक घेऊन आले. 1965 च्या युद्धात अंगात गोळ्या शिरून कमरेखाली लुळा पडलेला हा जवान. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. दोन सन्मानांची जात वेगळी, तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. तरी 41 दिवस आणि 46 वर्षं हे आकडे शेजारी ठेवले की काहीतरी खुपतं. पेटकर पाण्यात बुडाले असते तर, हा प्रश्न इथेही तोंडाशी येतो आणि गिळावा लागतो.

पुण्याला हे उमजायला हवं, कारण जखमी सैनिकांचं शहर कुठलं असेल तर ते हेच. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पहिल्या महायुद्धापासून अपंग जवानांना हाताला काम शिकवते आहे. 1944 पासून इथे कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीतच कंबरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. तिथली माणसं चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतात, काही जण तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. मुंबई-पुणे महामार्गावरून रोज लाखभर माणसं त्या बाजूने जात असतील. त्याच रस्त्यावर शहिदांना अभिवादन करणारे फ्लेक्स लागतात आणि त्यावर शहिदापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा असतो. असो.

खरा मुद्दा पेन्शनचा आहे. युद्धात मृत्यू आला तर कुटुंबाला मिळणारं निवृत्तिवेतन उदार आहे, राज्य सरकारंही मोठ्या रकमा जाहीर करतात. ते हवंच. मरण न येता पाय गेला, पाठीचा कणा गेला, डोकं बिघडलं, की प्रश्न सुरू होतात. हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलं का? सेवेमुळे वाढलं का? मेडिकल बोर्डाने टक्के किती लिहिले? सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं की भरती होताना धडधाकट असलेल्या माणसाचं दुखणं सेवेमुळे आलं असंच गृहीत धरावं, तसं नसेल तर सरकारने सिद्ध करावं. तरीही लष्करी न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानांविरुद्ध सरकारची अपिलं चालूच राहिली. 2015 मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी ही कोर्टबाजी कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली आणि समितीने अपंग सैनिकांविरुद्धच्या अपिलांवर स्पष्ट ताशेरे ओढले. त्यानंतर 2019 मध्ये अपंगत्व निवृत्तिवेतनावर कर लावण्याचं परिपत्रक आलं आणि 2023 मध्ये नवे, अधिक कडक नियम. समितीच्या अहवालाचा सरकारवर किती परिणाम झाला ते यावरून दिसतं.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब-मधुमेहाचे कागद जमवून अपंगत्वाचा भत्ता पदरात पाडून घेणारे अधिकारी आहेत. फौजेतली माणसंच खाजगीत हे सांगतात, आणि महालेखापरीक्षकांनीही अधिकाऱ्यांमधल्या वाढत्या प्रमाणावर बोट ठेवलं आहे. त्याला आळा घाला. पण लबाडांसाठी विणलेलं जाळं सुरुंगावर पाय पडलेल्या माणसाच्याही अंगावर पडतं. त्याला ते सोडवायला वकील लावावा लागतो आणि नगर-सातारा-सांगलीच्या गावातल्या जवानाला तो परवडत नाही. वर्दीतला माणूस सरकारविरुद्ध कोर्टात उभा आहे, यासारखं लाजिरवाणं दृश्य नाही. त्याचा फ्लेक्स कोणी लावत नाही.

सगळ्यात टोकाचं उदाहरण आहे खडकवासल्यात. प्रबोधिनीचं दीक्षान्त संचलन ज्या मैदानावर होतं त्याला अरुण खेत्रपालचं नाव आहे. दर सत्राला शेकडो कॅडेट त्या मैदानावरून पाय आपटत बाहेर पडतात आणि आईबाप वर बसून डोळे पुसतात. पण काही मुलं त्या संचलनापर्यंत पोहोचत नाहीत. घोड्यावरून पडणं, पोहण्याच्या तलावात डोकं आपटणं, बॉक्सिंगमध्ये मेंदूला मार बसणं, असे अपघात प्रशिक्षणात होतात. प्रशिक्षण खरं असेल तर ते होणारच. अशा मुलाला वैद्यकीय कारणावरून बाहेर काढतात, 'बोर्ड आउट' करतात. त्याला अजून कमिशन मिळालेलं नसतं, म्हणून नियमानुसार तो माजी सैनिक नाही. त्याला निवृत्तिवेतन नाही, मिळते ती अनुग्रह रक्कम, म्हणजे सरकारची कृपा. अपंगत्व पूर्ण असलं तरी ती महिना 40 हजारांच्या आसपास थांबते. कमिशनच्या दुसऱ्या दिवशी पाय मोडला तर तो अधिकारी, आदल्या दिवशी मोडला तर तो कुणीच नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये ही बातमी छापून आली आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. 1985 पासून अशी सुमारे 500 मुलं घरी गेली आहेत, असं त्यातून पुढे आलं. त्यातले काही आता पन्नाशी-साठीला आले आहेत. 18-19 व्या वर्षी गळ्याखाली शरीर गेलं आणि तेव्हापासून आईवडील पाठ पुसताहेत. ज्यांचे आईवडील गेले त्यांचं काय होतं, हे लिहवत नाही. न्यायालयाने लक्ष घातल्यावर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची दारं त्यांच्यासाठी उघडली गेली. चाळीस वर्षांनी, आणि तीही न्यायाधीशांनी विचारल्यावर.

'असल्या गोष्टी बोलून सैन्याचं मनोधैर्य खच्ची करू नका', हे वाक्य इथे हटकून येतं. मला ते समजत नाही. विशीतल्या पोराला सुरुंगातून रणगाडा घालायला सांगायचा तर त्याला एका गोष्टीची खात्री हवी: मेलो तर घर सांभाळलं जाईल आणि मोडलो तर मी सांभाळला जाईन. अरुणच्या पिढीत पहिल्याची खात्री बऱ्यापैकी होती. दुसऱ्याची आजही नाही. मनोधैर्य कशाने खचतं, ते ज्याला शत्रूसमोर जायचंय त्याला विचारा.

अरुणचा 'फामागुस्ता' हा रणगाडा युद्धानंतर परत मिळाला आणि अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाच्या केंद्रात ठेवला आहे, जिथून तो अर्धवट अभ्यासक्रम सोडून युद्धाला गेला तिथेच. लोक त्यापुढे उभे राहून सेल्फी काढतात. काढू देत. नव्या अधिकाऱ्यांना तो दाखवताना प्रशिक्षक काय सांगत असतील याची मला उत्सुकता आहे. माझी अटकळ अशी की ते मरणाबद्दल कमी आणि अंतर, वेग, नेम, दारूगोळा यांबद्दल जास्त बोलत असतील. ते तसंच असायला हवं.

उरला कॅडेटांचा प्रश्न. 40 वर्षांत 500 म्हणजे वर्षाला बारा-तेरा मुलं. त्यांना अधिकाऱ्याचं अपंगत्व निवृत्तिवेतन दिल्याने संरक्षणाच्या अंदाजपत्रकाला ओरखडाही उमटणार नाही, तेव्हा पैशाचं कारण इथे पुढे करता येत नाही. गैरवापराचंही नाही, कारण निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी कोणी मान मोडून घेत नाही. नियमात जिथे कमिशनची तारीख धरली आहे तिथे प्रबोधिनीत दाखल झाल्याची तारीख धरायची, आणि ती 1985 पासून लागू करायची. संरक्षण मंत्रालयाला हे एका आदेशात करता येतं. खडकवासल्यात दर सहा महिन्यांनी खेत्रपाल मैदानावर मानवंदना घ्यायला पाहुणे येतात. हा प्रश्न त्यांना जाहीरपणे विचारायला हवा, आणि पुण्याच्या खासदारांनी तो संसदेत लावून धरायला हवा.